शालनच्या टेबलावर आलेला लॅपटॉप

माजिवड्याच्या नाक्यावरून आत वळलं, की गॅरेजांच्या रांगेमागे धनेश मढवीचा गाळा लागतो. कधीकाळी तिथे त्याच्या आजोबांचं भातशेत होतं. आता पत्र्याची शेड आहे आणि शेडमध्ये जुने लॅपटॉप येतात. कंपन्या तीन-चार वर्षं वापरून मशिनं काढून टाकतात, दलाल ती लॉटने उचलतो, धनेशची माणसं ती उघडून तपासतात, आणि मग ती शालन ओव्हाळच्या टेबलावर येतात. शालनचं काम एकच. मशीन असं करून द्यायचं, की त्याला आधी कोणाचा हात लागला होता हे घेणाऱ्याला कळू नये.

ऐकायला सोपं वाटतं. पण माणसं लॅपटॉपला काय काय चिकटवतात ते शालनला विचारावं. क्रिकेटच्या टीमची चिन्हं, देवांचे फोटो, 'सोमवार नको' असले विनोद, पोरांनी लावलेली कार्टूनं, कंपनीच्या वाढदिवसाचे गोल स्टिकर, आणि खाली पोटाशी कंपनीचा नंबर असलेली चंदेरी पट्टी. ही पट्टी सगळ्यात खट. ती निघावी म्हणून बनवलेलीच नसते. नखाने ओढली तर वरचा पापुद्रा निघतो आणि खाली पांढरा कागद अन् गोंद तसाच राहतो. मग त्याच्यावर धूळ बसून काळा, चिकट मळ होतो.

सहा वर्षांत शालनने याची रीत बसवली होती. मशीन बंद आहे ना, ते आधी बघायचं. मग हेअर ड्रायर मंद ठेवून लांबून गरम हवा द्यायची, हाताला सोसेल इतकीच. कोपरा सैल झाला की जुनं एटीएम कार्ड आत सरकवायचं आणि स्टिकर वर नाही, मागे ओढायचा, हळूहळू, जखमेवरची पट्टी काढतात तसा. राहिलेल्या गोंदावर खोबरेल तेलाचं बोट फिरवून दहा मिनिटं तसंच सोडायचं. तोवर दुसरं मशीन. परत येऊन फडक्याने गोल गोल पुसलं, की गोंदाच्या वळ्या होऊन सुटतात. शेवटी स्पिरिट, तेही फडक्यावर घ्यायचं, मशीनवर ओतायचं नाही. थिनरला तर हातही लावायचा नाही. पहिल्याच महिन्यात तिने घाईत थिनर वापरला होता आणि एका चांगल्या मशीनच्या झाकणावर कोडासारखा पांढरा डाग पडला होता. धनेश ओरडला नव्हता. नुसता बघत राहिला होता, तेच तिला जास्त लागलं होतं.

या कामात तिच्या बोटांचे ठसे गेले. अंगठ्याची कातडी इतकी झिजली की हजेरीचं मशीन तो ओळखेना. बाकीचे अंगठा लावत, शालन वहीत सही करी. वय सत्तेचाळीस, पण मान वाकवून वाकवून पाठीला किंचित पोक आलं होतं. त्याआधी अकरा वर्षं ती वागळे इस्टेटच्या एका औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवत होती. "आधी चिकटवण्याचे पगार घेतले, आता काढण्याचे घेते," असं ती कधीतरी बोलून जाई. ऐकणारे हसत. ती स्वतः फारशी हसत नसे. थकलेली असे.

थकवा असा एका दिवसाचा नव्हता. पहाटे पाचला उठायचं, पाणी भरायचं, दोन डबे करायचे, एक स्वतःचा आणि एक दीप्तीचा. नवऱ्याचं, सीतारामचं, पथ्याचं वेगळं रांधायचं. दोन वर्षांपूर्वी साखरेने त्याच्या पायाचं बोट काढावं लागलं, तेव्हापासून तो घरीच होता. फार पूर्वी त्याची कंपनी बंद पडली होती तो दिवस शालनला नीट आठवे. भर दुपारी युनिफॉर्मची पिशवी काखेला मारून तो कळव्याच्या चाळीत आला आणि दारोदार सांगत सुटला, "बंद झाली आमची कंपनी, टाळं लागलं." जणू कुणाचं लग्न ठरलं होतं. शालनला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण सीताराम तसाच होता. पोटात काही ठेवणं त्याला जमत नसे.

दीप्ती मात्र आईवर गेली होती. एकुलती एक, चोवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली. घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात विम्याच्या क्लेमचे कागद तपासायची. अडीच वर्षांपूर्वी ऑफिसने तिला लॅपटॉप दिला, तेव्हा शालनने ती बातमी सीतारामच्याच उत्साहाने चाळभर केली होती. समोरच्या भीमाबाई तर चष्मा लावून लॅपटॉप बघायला आल्या होत्या.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गाळ्यावर चौसष्ट मशिनांचा लॉट आला. शालनने पहिलं मशीन हातात घेतलं आणि झाकणावरचं नारिंगी पतंगाचं चिन्ह बघून तिला बरं वाटलं. हे दीप्तीच्या ऑफिसचं चिन्ह. दीप्तीच्या गळ्यातल्या पट्ट्यावर, पाण्याच्या बाटलीवर, सगळीकडे हाच पतंग होता. म्हणजे ऑफिसने जुनी मशिनं काढली, आता पोरीला नवं मिळालं असणार. संध्याकाळी विचारू, असं मनाशी म्हणत तिने ड्रायर लावला.

पहिल्या दिवशी अकरा मशिनं झाली. संध्याकाळी दीप्ती आली तेव्हा शालन भाकरी थापता थापता पेंगत होती. विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीला अजून तास असेल, तिने एक मशीन पालथं केलं आणि तिचा हात थांबला.

लॅपटॉपला खाली चार रबरी पाय असतात. या मशीनचे तीन पाय काळे होते आणि चौथा निळा. निळा म्हणजे चपलेच्या रबराचा. कात्रीने गोल कापलेला, एका बाजूला जरा चपटा झालेला, कडेने फेव्हिक्विकचा पांढरट ओघळ आलेला.

तो पाय शालनने बसवला होता. मागच्या पावसाळ्यात दीप्ती घरून काम करत होती, तेव्हा लॅपटॉप टेबलावर डुगडुगायचा आणि ती चिडायची. शालनने सीतारामची तुटकी स्लीपर काढली, आठ आण्याच्या नाण्याएवढा तुकडा कापला आणि चिकटवून दिला. "आई, ऑफिसची वस्तू आहे ती," दीप्ती म्हणाली होती. "मग काय झालं? ऑफिसला काय लंगडी वस्तू आवडते?" असं म्हणून शालनने तो अंगठ्याने दाबून धरला होता, शंभर आकडे मोजेपर्यंत.

मशीन टेबलावर ठेवून ती जरा वेळ बसून राहिली. नवं मिळालंय तिला, जुनं इथे आलं, एवढंच. तसंच असणार. पण मनात दुसरंही काही हलायला लागलं होतं. दीप्ती शनिवारी लॅपटॉप घरी आणायची. गेले तीन शनिवार आणला नव्हता. विचारलं तर म्हणाली, "आता आणू देत नाहीत गं, नियम बदलला."

धनेश दाराशी फोनवर होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत ती उभी राहिली.

"धनेशशेठ, हा पतंगवाला लॉट... त्यांनी नवी मशिनं घेतली का?"

"कसली नवी, ताई? ऑफिसच बंद केलं इथलं. बेंगलोरला गेलेत ते. टेबलं, खुर्च्या, एसी, सगळं विकून टाकलं. लास्ट मंथ एंडला."

"आणि माणसं?"

"माणसांना काय, दिला असेल एक मेल." धनेश पुन्हा फोनकडे वळला, मग थांबला. "का हो? ओळखीचं कोण होतं काय?"

"नाही," शालन म्हणाली. "असंच."

ती परत टेबलाशी आली. आज वीस तारीख. म्हणजे तीन आठवडे झाले. तीन आठवडे ती पाचला उठून डबा करत होती, दीप्ती तो नीट बॅगेत ठेवत होती, दोघी एकाच बसने पूल ओलांडून येत होत्या, शालन माजिवड्याला उतरत होती आणि दीप्ती खिडकीतून हात हलवून पुढे जात होती. कुठे?

राग येईल असं तिला वाटलं होतं. आला नाही. रागालाही थोडं बळ लागतं. तिला फक्त खूप दमल्यासारखं झालं, जसं चार मजले चढून गेल्यावर कळावं की जिना चुकला.

धनेशची आत्या, जाईबाई, रोज गाळ्यावर येऊन सगळ्यांचा चहा करी. तिने कप टेबलावर ठेवला. "चा घे गो शालन. तोंड का उतरलाय तुझा?"

"डोकं दुखतंय."

"या वासानी दुखतंय. जरा भायेर जाऊन बस."

शालन बाहेर गेली नाही. तिने मशीन पुढे ओढलं. झाकणावर पतंगाशेजारी एक पिंपळपानाचा स्टिकर होता, घरचे सगळे चैत्यभूमीला गेले होते तेव्हाचा. स्क्रीनच्या वर, कॅमेऱ्यावर, एक मरून टिकली. शालनच्याच पाकिटातली. टिकली नखाने आली. पिंपळपान ड्रायरने सुटलं, पण देठ राहिला, त्याला तेल लावावं लागलं. पोटावरची चंदेरी पट्टी नेहमीसारखी दोनदा फाटली. निळा पाय मात्र काही केल्या निघेना. फेव्हिक्विकवर तेल चालत नाही, स्पिरिट चालत नाही, आणि जे चालतं ते प्लास्टिक खातं. कार्डाच्या कडेने कण कण खरवडत ती अर्धा तास बसली. एवढं घट्ट कशाला लावलं आपण, असं तिला सारखं वाटत होतं. शेवटी निघाला. खाली हलकासा ओरखडा राहिला. तो तिने बोटाने चाचपून पाहिला, नवा काळा पाय बसवला आणि मशीन तयार झालेल्यांच्या थप्पीवर ठेवलं.

त्या संध्याकाळी दीप्ती पावणेआठला आली. चपला काढल्या, बाबांना गोळी घेतली का विचारलं, हात धुतले.

"कसं होतं आज ऑफिस?" शालनने विचारलं. इतकं नेहमीचं विचारणं, पण तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"होतं नेहमीसारखं. क्लेम खूप होते. मॅडमचं डोकं फिरलेलं."

"जेवलीस का नीट?"

"हो. भेंडी मस्त झालेली."

शालनने मान डोलावली. पोरगी खोटं बोलताना डोळ्यांत बघत नाही, बाटलीचं झाकण फिरवत राहते, हे तिला पहिल्यांदाच दिसलं. का रोज दिसत होतं आणि आपण बघत नव्हतो? सीतारामपुढे काही काढायला नको. त्याला कळलं तर सकाळपर्यंत चाळीला कळेल. तिने ताटं घेतली.

दुसऱ्या दिवशी दोघी नेहमीच्या बसला बसल्या. माजिवडा आलं. शालन उठली नाही.

"आई, उतर ना. स्टॉप आला तुझा."

"आज नाही उतरत."

"अगं, म्हणजे? कामावर नाही जायचं?"

"तू जातेस तिकडे येते."

बस सुटली. दीप्ती आईकडे बघत राहिली. मग तिने तोंड खिडकीकडे वळवलं. चार स्टॉपनंतर एका मोठ्या दवाखान्यापाशी दीप्ती उठली, तशी तीही मागोमाग उतरली.

"बरं नाहीये का तुला?" दवाखान्याची पाटी बघून शालनने विचारलं.

"तसं काही नाही गं. चल आत."

आत तपासणीसाठी आलेल्या लोकांच्या बसायच्या जागी स्टीलच्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. दीप्ती सरळ शेवटच्या रांगेत, खांबाआडच्या खुर्चीवर जाऊन बसली. तिथे बसायची तिला सवय होती हे बघताच कळत होतं.

"इथे पंखा असतो," ती म्हणाली. "पाणी आहे, बाथरूम आहे. कोण विचारत नाही, का बसलीस. सगळ्यांना वाटतं आपलं कोणतरी आत आहे. अकराला वर्तकनगरची अभ्यासिका उघडते, मग तिकडे जाते. तिथे वायफाय मिळतं, फोनवरून अर्ज टाकते. तीन इंटरव्ह्यू झाले. फोन नाही आला कोणाचा." थोडं थांबून तिने विचारलं, "तुला कसं कळलं?"

"तुझा लॅपटॉप आला माझ्या टेबलावर."

दीप्तीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "शी! आई... तू साफ केलास?"

"कामच आहे माझं."

समोर एक म्हातारा नंबराची चिठ्ठी हातात धरून झोपला होता.

"मला एका शब्दाने सांगितलं असतंस," शालन म्हणाली. "खायला उठले असते का मी?"

"कधी सांगणार होते?" दीप्तीचा आवाज चढला, मग तिने तो खाली आणला. "खरं सांगू? पहिल्याच दिवशी सांगायला आलेले मी. तू भाकरी थापत होतीस आणि डोळे मिटलेले होते तुझे. तव्यावर हात जाईल म्हणून मीच तुला उठवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तुला सांगायचं तर तू जागी सापडायला पाहिजेस ना. आणि मग दोन-चार दिवस गेले, की सांगणं अजून जड होतं. आधी का नाही सांगितलं, ते पण सांगावं लागतं."

पोरगी खोटं बोलत नव्हती. शालन आठवायला लागली, शेवटचं पूर्ण जागं राहून आपण हिच्याशी कधी बोललो होतो. दिवाळीत? तेव्हाही फराळाचं चाललं होतं.

"डबा इथे खातेस?" तिने विचारलं.

"अभ्यासिकेच्या जिन्यात. एक वैष्णवी म्हणून आहे, ती बँकेची परीक्षा देते. दोघी खातो. तिला तुझी भेंडी आवडते."

शालनने फोन काढला आणि धनेशला कळवलं, अर्धा दिवस येत नाही. सहा वर्षांत तिने असा फोन तीनदा केला असेल. फोन पिशवीत टाकून तिने पाठ टेकली. खुर्ची गार होती, पंखा थेट अंगावर येत होता, आणि कोणालाही तिच्याकडून काही नको होतं. "पाच मिनिटं डोळे मिटते," ती म्हणाली.

ती तास-दीड तास झोपली. तोंड उघडं, मान खांबाला लागलेली. एका नर्सने येऊन विचारलं, "पेशंट आहेत का या?" दीप्ती म्हणाली, "नाही, आई आहे माझी. दमलीये." नर्सने एकदा बघितलं आणि ती पुढे गेली.

जागी झाल्यावर शालन पाणी प्यायली आणि तिने एकच सांगितलं, "बाबांना तू सांगायचं. मी नाही सांगणार." मग ती कामावर गेली.

दीप्तीने त्याच संध्याकाळी सांगितलं. सीताराम चिडला तो दीप्तीवर नाही, शालनवर. "तुला कालपासून माहीत आणि मला नाही?" असं म्हणत तो जेवायचा थांबला. पण साखरेच्या माणसाला उपाशी राहून चालत नाही, त्यामुळे तासाभराने निमूट जेवला. दुसऱ्या दिवशी दहापर्यंत भीमाबाईंना कळलं होतं. त्या दाराशी येऊन म्हणाल्या, "जाऊ दे गं पोरी, ऑफिसं काय येतात नि जातात." दीप्तीला वाटलं होतं तेवढं काही जड गेलं नाही.

शालनच्या टेबलावर त्या लॉटची अजून चाळीसेक मशिनं होती. ती तिने केली. पूर्वी स्टिकर म्हणजे फक्त काम असायचं, किती मिनिटांचं ते बघायचं. आता एखाद्या झाकणावर लहान मुलाने चिकटवलेला हत्ती दिसला, की तो ओढताना तिचा हात जड व्हायचा. घरी जाऊन सांगितलं असेल का यांनी? कोणत्या दवाखान्यात बसत असतील? पण वेग कमी झाला तर धनेशला दिसतं. तिने वेग कमी होऊ दिला नाही. सातव्या दिवशी लॉट संपला आणि कल्याणच्या एका व्यापाऱ्याने सगळा उचलला. टेम्पोत मशिनं चढताना ती आत चहा घेत होती.

एप्रिलमध्ये दीप्तीला डोंबिवलीला काम लागलं, रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबच्या काउंटरवर. पगार आधीपेक्षा कमी, सुट्टी एकच, आणि सकाळची पाळी सातला सुरू. लॅपटॉप नाही, एक जुना कॉम्प्युटर आहे, तोही अडकत चालतो. उपाशीपोटी आलेली माणसं उशीर झाला की हिच्यावरच खेकसतात.

हल्ली ती दुपारी घरी येते आणि आई येईपर्यंत स्वयंपाक उरकते. शालन आली की दीप्ती तिच्यासमोर बसून दिवसभराचं सांगते. कोण ओरडलं, कोणाचा रिपोर्ट कोणाला गेला, डॉक्टर किती खडूस आहेत. चांगलं असं फारसं काही नसतंच त्यात. शालन जेवता जेवता ऐकते, मध्येच "मग?" म्हणते. कधी ते "मग" अर्ध्यावरच राहतं आणि भिंतीला टेकून तिचा डोळा लागतो. दीप्ती तिच्या हातातलं ताट काढून घेते, आणि राहिलेलं बाबांना सांगते.